अंगणांतील गुरु : डॉ. सलीम अली

पक्षी पाहण्याचा छंद ज्यांच्या आयुष्याचें कार्य झाला, त्या डॉ. सलीम अली यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगतों.

मुंबईस १८९६ सालीं त्यांचा जन्म झाला. आईबाप लवकरच वारल्यामुळें मामांनीं त्यांस वाढविलें. दहाबारा वर्षांचे असतां त्यांनीं छर्‍याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हें मामांस सांगवेना. पण त्यांनीं प्रश्न उडवून न लावतां चिठ्ठी देऊन मुलास ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त धाडलें. तेथें मिलर्डसाहेबांनीं पेंढा भरलेले पक्षी मायेनें दाखविले, आणि त्या मुलास आयुष्याची वाट सांपडली.

१९३० सालीं जर्मनींत पक्षिशास्त्र शिकून परततात, तों नोकरी गेलेली! ते अलिबागेजवळ किहीम येथें राहूं लागले. तेथें सुगरण पक्ष्यांचीं घरटीं न्याहाळतां त्यांस आढळलें कीं, घरटें नर विणतो. अर्धवट विणलेलें तें मादी पसंत करते. मग तें पुरें करून नर दुसर्‍याच्या मागें लागतो. रिकामपणाच्या या दिवसांनींच त्यांस नांव मिळवून दिलें. १९८७ सालीं ते निवर्तले.

मुलांनो, गलोल टाकून अंगणांत मूठभर दाणे व परळभर पाणी ठेवा. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें पक्ष्याचें नांव विचारल्यास त्याजवळ घटकाभर बसावें.