चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ

चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ (९ एप्रिल, १८६५ – २६ ऑक्टोबर, १९२३) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ व विद्युत अभियंते होते. चुंबकीय शैथिल्याचा (हिस्टेरेसिसचा) नियम, प्रत्यावर्ती धारेच्या मंडलांसाठी संमिश्र संख्यांची गणनपद्धती आणि विजेच्या लोळापासून विद्युत यंत्रणेचे संरक्षण या तीन विषयांतील कार्यासाठी ते ओळखले जातात. रोहित्र चालताना किती तापेल आणि किती वीज वाया घालवील, याचा अंदाज ते तयार करण्यापूर्वीच कागदावर बांधता येऊ लागला, त्यात त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

सुरुवातीचे जीवन

स्टाइनमेट्झ यांचा जन्म तत्कालीन प्रशियातील ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे झाला. त्यांचे मूळ नाव कार्ल ऑगस्ट रुडोल्फ स्टाइनमेट्झ असे होते. त्यांच्या पाठीला जन्मापासून बाक होता व उंची फार कमी होती. १८८३ मध्ये त्यांनी ब्रेस्लाउ विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे गणिताचा अभ्यास करीत असतानाच ते समाजवादी विद्यार्थी चळवळीत ओढले गेले. बिस्मार्कच्या समाजवादविरोधी कायद्याखाली अटक होण्याची शक्यता निर्माण झाल्याने १८८८ मध्ये, पदवी पदरात पडण्यापूर्वीच, त्यांना देश सोडून झुरिकला जावे लागले.

अमेरिकेत स्थलांतर

१८८९ मध्ये ते एका मित्रासोबत न्यू यॉर्क बंदरात उतरले. त्यांचे शारीरिक व्यंग, जवळ पैसा नसणे आणि इंग्रजीचे अपुरे ज्ञान यांमुळे अधिकारी त्यांना प्रवेश देण्यास तयार नव्हते. मित्राने हमी घेतल्यावर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी चार्ल्स हे नाव घेतले व विद्यार्थिदशेतील प्रोटिअस हे टोपणनाव त्याला जोडले. याँकर्स येथील रुडोल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. टोप्या बनवण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेला हा कारखाना त्या वेळी विद्युत मोटारींच्या निर्मितीकडे वळत होता.

चुंबकीय शैथिल्याचा नियम

प्रत्यावर्ती धारेमुळे रोहित्राच्या किंवा मोटारीच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वाची दिशा दर सेकंदाला अनेकदा उलटते. प्रत्येक वेळी काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ही हानी किती होईल हे आधी सांगता येत नसल्याने यंत्र प्रथम बनवायचे, चालवून पाहायचे आणि ते फार तापल्यास नव्याने बांधायचे, अशी त्या काळची रीत होती.

स्टाइनमेट्झ यांनी लोखंडाच्या व पोलादाच्या अनेक नमुन्यांच्या मोजमापांवरून या हानीचे सूत्र शोधले व जानेवारी १८९२ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. त्यानुसार प्रत्येक आवर्तनातील हानी ही चुंबकीय अभिवाहाच्या कमाल घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असते. घनता दुप्पट केल्यास हानी सुमारे तिप्पट होते. त्यामुळे गाभ्यातील लोखंडात काटकसर केल्यास त्याची किंमत वाया जाणाऱ्या विजेच्या रूपाने किती मोजावी लागेल, याचा हिशेब करणे शक्य झाले. आधुनिक सिलिकॉन पोलादासाठी घातांक पदार्थानुसार बदलतो. तथापि सूत्राचे मूळ रूप आजही अभ्यासक्रमांत शिकवले जाते.

प्रत्यावर्ती धारेचे गणित

१८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेसाठी स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती धारा व दाब संमिश्र संख्यांनी दर्शवण्याची पद्धत मांडली. त्यापूर्वी ज्या गणनेसाठी विकलक समीकरणे सोडवावी लागत, ती साध्या बीजगणिताने होऊ लागली. १८९७ मध्ये त्यांनी या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

जनरल इलेक्ट्रिकमधील कार्य

आयकेमायर यांचा कारखाना जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकत घेतल्यावर स्टाइनमेट्झ त्या कंपनीत दाखल झाले. १८९४ पासून अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य स्केनेक्टडी येथे होते. सुमारे २०० एकस्वे त्यांच्या नावावर आहेत. १९०१-०२ मध्ये ते अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. १९०२ पासून त्यांनी युनियन कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापनही केले. १९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत १,२०,००० व्होल्ट दाबाची कृत्रिम वीज निर्माण करून दाखवली. या प्रयोगांचा उपयोग तारमार्ग व रोहित्रांना वाचवणारे तडितरोधक सुधारण्यासाठी झाला.

रोहित्राच्या क्षमतेची निवड

रोहित्रात दोन प्रकारची ऊर्जाहानी होते. गाभ्यातील हानी भार असो वा नसो, वीजपुरवठा चालू असेपर्यंत जवळपास सारखीच राहते. स्टाइनमेट्झ यांचा नियम तिच्यापैकी शैथिल्यामुळे होणाऱ्या भागाला लागू होतो. वेटोळ्यांतील हानी मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गरजेपेक्षा फार मोठे रोहित्र बसवल्यास पहिली हानी रात्रंदिवस चालू राहते. फार लहान बसवल्यास दुसरी हानी बेसुमार वाढून तेल तापते, विद्युतरोधन जीर्ण होते व अखेर रोहित्र जळते.

हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या ऊस व हळदीच्या बागायती तालुक्याचे उदाहरण घेता येईल. ५ अश्वशक्तीच्या पंपाची मोटार ३.७३ किलोवॉट काम देते. तिची कार्यक्षमता ८० टक्के व शक्तिगुणांक ०.८ धरल्यास तिला सुमारे ५.८ केव्हीए लागतात. असे १० पंप एकाच वेळी चालल्यास भार ५८ केव्हीए होतो, म्हणजे २५, ६३ व १०० केव्हीए या प्रचलित क्षमतांपैकी ६३ केव्हीएचे रोहित्र जेमतेम पुरते. त्यावर आणखी ३ पंप जोडल्यास भार सुमारे ७६ केव्हीए, म्हणजे क्षमतेच्या १.२ पट होतो आणि वेटोळ्यांतील हानी जवळपास दीडपट होते.

घरगुती जोडण्यांत सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून जोडलेल्या एकूण भारापेक्षा कमी क्षमतेचे रोहित्र पुरते. शेतीपंपांना ही सवलत क्वचितच लागू होते. थ्री-फेज वीज ठरावीक तासांतच मिळत असल्याने ती येताच बहुतेक पंप एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट धारा ओढते. त्यामुळे नोंद नसलेला एखादा जादा पंपही ज्याला गावात डीपी म्हणतात त्या रोहित्रावर मोठा ताण आणतो. उभ्या पिकाच्या हंगामात ते जळाल्यास त्यावरील सर्वच शेतकऱ्यांचे पाणी थांबते.

सार्वजनिक व वैयक्तिक जीवन

स्टाइनमेट्झ आजन्म समाजवादी राहिले. स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आल्यावर ते शिक्षण मंडळाचे व पुढे नगर परिषदेचे अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क राज्याच्या राज्य अभियंता पदाची निवडणूक लढवली, परंतु त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी त्यांनी लेनिन यांना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणास साहाय्य देऊ केले होते. शारीरिक व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने ते अविवाहित राहिले. प्रयोगशाळेतील सहकारी जोसेफ हेडन यांना त्यांनी दत्तक घेतले व हेडन कुटुंबासह ते एकाच घरात राहिले.

मृत्यू व सन्मान

२६ ऑक्टोबर, १९२३ रोजी स्केनेक्टडी येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. विद्युत अभियांत्रिकीतील मानकांच्या क्षेत्रातील योगदानासाठी त्यांच्या नावाने पुरस्कारही स्थापन करण्यात आला.