पडताळून घेतलेले सत्य : आचार्य धर्मानंद कोसंबी

गोव्यातील सांखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना सलग शालेय शिक्षण लाभलेच नाही. नाजूक प्रकृती आणि घरच्या माडांच्या बागायतीची जबाबदारी यांत तारुण्य सरत होते. मात्र हाती येईल ते मराठी पुस्तक वाचण्याचा नाद त्यांना होता. १८९७ मध्ये ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि त्यांच्या आयुष्याचा ओघ बदलला. बुद्धावर त्यांची श्रद्धा जडली. पण केवळ श्रद्धेवर विसावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बुद्धाने खरोखर काय सांगितले, ते मुळातून जाणून घेण्याचा त्यांनी निश्चय केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. पुणे व ग्वाल्हेर करून ते काशीला पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता अशी पायपीट करून १९०२ मध्ये ते सिलोनला गेले. तेथे सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात त्यांना पाली भाषेची आणि तिच्याबरोबर मूळ बौद्ध ग्रंथांची वाट सापडली. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला.

त्या ग्रंथांनी त्यांच्यापुढे ‘मी’चा प्रश्न मांडला. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा कितीही शोध घेतला, तरी त्यांत नित्य, अविकारी असा आत्मा सापडत नाही, अशी बुद्धाची शिकवण आहे. कोसंबींच्या जीवनक्रमातही तिचा ठसा दिसतो. भिक्षूची चीवरे त्यांनी धारण केली, पण तीच आपली कायमची ओळख मानली नाही. भारतात पालीच्या अध्यापनाचे काम करण्यासाठी १९०६ मध्ये त्यांनी ती उतरवली आणि ते पुन्हा संसारात परतले.

कलकत्ता विद्यापीठात त्यांना दरमहा २५० रुपयांची जागा मिळू शकत होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मात्र महाराष्ट्रात राहून वर्षाला एक पुस्तक लिहिण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले. आपल्या लोकांना आपल्या भाषेत हे ज्ञान मिळावे म्हणून त्यांनी ५० रुपयेच पत्करले. पुढे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अनेक वाऱ्या केल्या. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

त्यांच्या चिकित्सेतून प्रत्यक्ष बुद्धचरित्रही सुटले नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा मुळात विपस्सी बुद्धाची असून ती नंतर गौतमाला चिकटली, असे त्यांनी पाली सुत्तांच्या आधारे दाखवले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या भांडणात शस्त्र हाती घेण्यास सिद्धार्थाचे मन तयार नव्हते. गृहत्यागाचे कारण तेथे असावे, असे त्यांनी मांडले. ज्याच्यासाठी घर सोडले, त्याच्याविषयीची लाडकी आख्यायिकाही पुराव्यावर टिकत नसेल तर सोडून द्यायची, हा त्यांचा सत्याविषयीचा बाणा होता.

हे सत्य त्यांनी ग्रंथालयात कोंडून ठेवले नाही. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि त्यांनी कारावास भोगला. परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. अखेरच्या काळात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माच्या चिंतनातून, जर्जर देह आता कोणाच्या उपयोगी नाही या जाणिवेने, त्यांनी अन्नत्याग केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

या ज्ञानसाधनेची किंमत त्यांच्याइतकीच बाळाबाईंनीही मोजली. पती परतेल की नाही हे ठाऊक नसताना काढलेली त्यांची वर्षे कोणत्याही ग्रंथसूचीत सापडत नाहीत. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपल्या दुर्बलतेवर पांघरूण न घालणाऱ्या कोसंबींचे स्मरण करताना हा हिशेबही मांडायला हवा. पुराव्यापुढे आपली आवड बाजूला ठेवायला त्यांनीच शिकवले. त्यांच्या चरित्रालाही तीच कसोटी लावणे, हा त्यांचा खरा सन्मान ठरेल.