म्हाइंभटांनी घेतलेला शोध

पोथीच्या पठणास नित्य बसणाऱ्या साधकास ‘शोधु’ हा शब्द नवा नाही. लीळेचे निरूपण सरळ चाललेले असते आणि मध्येच हा शब्द येतो. मग तीच गोष्ट दुसऱ्या कोणाच्या स्मरणात कशी होती ते सांगितले जाते. कोठे ‘वासना’ येते, कोठे हिराइसांचे नाव, कोठे परशरामबासांचे, कोठे रामेश्वरबासांचे. नवख्या श्रोत्यास यामुळे रसभंग झाल्यासारखा वाटतो. परंतु याच ठिकाणी थोडे थांबावे. आद्य लीळाचरित्रकार म्हाइंभट यांनी आपल्या पंथास जी दृष्टी दिली, ती या शब्दांत पुढेही टिकून राहिली आहे.

म्हाइंभट हे सराळ्याचे. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येते. घरी संपत्ती होती, शास्त्राध्ययन होते आणि त्या दोहोंचा अभिमानही होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती कानी आली तेव्हा ते वाद करण्याच्या हेतूने गेले आणि निरुत्तर झाले. हा प्रसंग आपणास ठाऊक आहे तो त्यांच्याच ग्रंथामुळे. आपल्या पराभवाची हकीकत मऊ करून लिहिणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. पुढे जे काम त्यांच्या हातून व्हावयाचे होते, त्याची पात्रता येथेच दिसून येते.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर आचार्य श्रीनागदेव ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. त्यांच्या चित्ताचा व्यवसाय एकच होता, तो म्हणजे लीळांचे स्मरण. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि या लीळा लिहून ठेवाव्यात अशी विनंती केली. आचार्यांनी अनुज्ञा दिली. स्वतःस आठवत होते ते सांगितलेच, शिवाय ज्यांच्यासमोर जी लीळा घडली त्यांच्याकडे जाऊन ती घ्यावी असा मार्गही दाखविला. म्हाइंभट मग गावोगाव फिरले. मिळालेली लीळा आचार्यांपुढे ठेवावी, त्यांनी ती पारखावी, मग ती ग्रंथात यावी, असा क्रम होता. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असे सामान्यतः मानतात.

पैठणनंतरच्या काळाचे काम कष्टाचे असले तरी अवघड नव्हते. बाइसा, महादाइसा, स्वतः आचार्य असे अनेक साक्षी होते. खरी अडचण त्यापूर्वीच्या काळाची होती. स्वामी कोठले, कोणाचे, त्यांचे मातापिता कोण, हे प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस महाराष्ट्रात म्हाइंभटांस भेटण्याजोगा नव्हता. एकांकातील लीळा या नावाप्रमाणेच एकाकी भ्रमणाच्या. तेव्हा उगम एकच उरला : स्वामींनी स्वतः प्रसंगाप्रसंगाने भक्तांस जे सांगितले ते. महादाइसांसारखी जिज्ञासू शिष्या नसती तर त्यातील पुष्कळसे विचारलेही गेले नसते. कुळ विचारणे हा शिष्टाचार नव्हे असे मानून इतर जेथे गप्प बसले असते, तेथे तिने प्रश्न केले. आपल्या पंथाच्या इतिहासावर या स्त्रीचे हे एक मोठे ऋण आहे आणि ते पुरेसे बोलले जात नाही.

या शोधात जे हाती आले ते कोणत्याही वंशावळीच्या चौकटीत बसणारे नव्हते. एक धागा फलटणला जात होता. तेथे कऱ्हाडे ब्राह्मण जनकनायक व जनकाइसा यांच्या पोटी चांगदेव राऊळ जन्मले. त्यांनी सह्याद्रीवर श्रीदत्तात्रेयप्रभूंपासून शक्ती स्वीकारली, द्वारावतीस सूप आणि खराटा हाती घेऊन रस्ते झाडले आणि तेथेच देह ठेवला. दुसरा धागा गुजरातेत भडोचला जात होता. तेथील प्रधान विशाळदेव यांचा पुत्र हरिपाळदेव मृत झाला असता त्या पतित देहाचा चांगदेव राऊळांनी स्वीकार केला. आता मूळ पुरुष कोणता म्हणावयाचा? देह भडोचचा, पूर्वावतार फलटणचा आणि ज्ञानशक्तीचा स्वीकार ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंपासून. कुळाचा एखादा अभिमानी लेखक असता तर त्याने यातील एक धागा ठेवून बाकीचे तोडले असते. म्हाइंभटांनी तिन्ही ठेवले.

हरिपाळदेवाच्या आयुष्यातील अडचणीच्या गोष्टीही त्यांनी ठेवल्या. तो द्यूत खेळत असे. हरल्यावर देणे भागविण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागितले, तिने ते नाकारले आणि तेथून त्याच्या मनास विरक्ती आली. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघताना पित्याची अनुमती सहज मिळाली नाही. मिळाली तेव्हा बरोबर लवाजमा आला आणि वाटेत तो मागे ठेवीत हरिपाळदेव एकटा ऋद्धपुरास पोहोचला. ज्याला आपण परमेश्वरावतार मानतो त्याच्या चरित्रातून जुगार वगळावा, असे एकाही लिपिकारास कधी वाटले नसेल काय? वाटले असेल, पण पोथीत ती लीळा आजही आहे. तीर्थक्षेत्री भाटांकडून सूर्यवंशाचे मूळ मिळविणारी घराणी या देशात थोडी नाहीत. त्या वंशावळींत कर्जबाजारी पूर्वज कधी आढळत नाही.

येथे एका घोटाळ्याचा उल्लेख आवश्यक आहे. गुजरातच्या इतिहासात वाघेला कुळातील वीसलदेव नावाचा राजा प्रसिद्ध आहे. नामसादृश्यामुळे त्यालाच हरिपाळदेवाचा पिता समजण्याचा मोह वाचकास होतो. आपल्या परंपरेने हरिपाळदेवाच्या देहाचा स्वीकार शके ११४२-४३ च्या आसपास मानला आहे. त्या वेळी हरिपाळदेव विवाहित, कर्ता पुरुष होता. वीसलदेव वाघेल्याची कारकीर्द इ. स. १२४४ ते १२६२ च्या सुमाराची, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने सुरू झालेली. शिवाय लीळाचरित्रात विशाळदेव प्रधान आहे, राजा नव्हे. प्रधानपुत्रास राजपुत्र केल्याने स्वामींचे माहात्म्य वाढत नाही, केवळ म्हाइंभटांची साक्ष मोडते. कुलशोधकास नावाचे साम्य हा आरंभ म्हणून चालेल. काळ, स्थळ आणि अधिकार जुळल्याखेरीज तो पुरावा होत नाही.

श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राच्या वेळी काम त्या मानाने सुकर होते, कारण साक्षीदार ऋद्धपुरातच होते. काठसुरे हे जन्मग्राम, पिता अनंतनायक, माता नेमाइसा, बाळपणीच आलेले पोरकेपण आणि आप्तांनी ऋद्धपुरास आणणे, एवढा वृत्तांत त्यांनी मिळविला. प्रभूंच्या प्रयाणानंतर, शके १२१० च्या सुमारास, तो ग्रंथ झाला.

यावर कोणी पृच्छा करील की, ज्या मार्गात साधकाने स्वदेश, स्वग्राम व आप्तसंबंध सोडावयाचे, त्या मार्गात मातापित्यांची नावे इतक्या काळजीने का जपली? पृच्छा योग्य आहे. भिक्षूस स्वतःचे कुळ सोडावयाचे असते, कारण ते अभिमानाचे घर आहे. परंतु ज्ञान कोणापासून कोणाकडे आले हे विसरले तर ज्ञानाचीच ओळख बुडते. म्हणूनच आपल्याकडे गृहस्थाच्या वंशावळीऐवजी अन्वयस्थळासारखी गुरुशिष्यांची परंपरा सांगणारी प्रकरणे झाली. म्हाइंभटांनी स्वामींची जन्मकथा घेतली ती पहिल्या अर्थाने नव्हे, दुसऱ्या अर्थाने.

त्यांची मूळ पोथी मात्र राहिली नाही. आचार्यांच्या निधनानंतर, यादवांचे राज्य मोडत असताना झालेल्या धामधुमीत ती नष्ट झाली, असे परंपरा सांगते. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला आणि त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्या वेळी सर्वांनी मिळून एकच गुळगुळीत पाठ ठरविणे सोपे होते. तसे न करता प्रत्येकाची आठवण त्याच्या नावाने वेगळी ठेवण्यात आली. हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून, शं. गो. तुळपुळे यांनी १९६४ ते १९६७ या काळात आणि वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये हा ग्रंथ संपादून छापला, तेव्हा त्यांस या पाठभेदांचा किती उपयोग झाला हे त्या आवृत्त्या चाळणारास दिसेल. पठणाच्या वेळी वेळ वाचविण्यासाठी ‘शोधु’ गाळून पुढे जाण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती सोडावी, एवढी विनंती या निमित्ताने पाठकांस आहे. गाळलेल्या त्या ओळीत बहुधा एखाद्या वृद्ध साधकाचे अथवा साधकिणीचे नाव असते आणि ते नाव दुसऱ्या कोठेच उरलेले नसते.