बीपीच्या गोळीने उघडलं मनाचं दार

डिप्रेशन, सेरोटोनिन, अँटिडिप्रेसंट हे शब्द तुम्ही रोज रील्समध्ये ऐकता. पण या गोष्टीतलं एक मोठं पान मुंबईत लिहिलं गेलं, आणि तेही एका हृदयरोगतज्ज्ञाने, हे तुम्हाला माहीत आहे का? डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचं नाव.

१९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये डॉक्टरी शिकून ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयाशी जोडले गेले. तेव्हा उच्च रक्तदाबावर भरवशाचं औषधच नव्हतं. वकिलांचं लक्ष गेलं सर्पगंधेकडे. ही आपल्याकडची जुनी वनस्पती. बिहारकडे तर लोक तिला वेडावरचं औषध म्हणूनच ओळखायचे. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते, असं लिहून ठेवलं होतं. पण जगाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

वकिलांनी ऐकीव गोष्टींवर काम भागवलं नाही. ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि परदेशी डॉक्टरांचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या वनस्पतीतून रिसर्पिन वेगळं काढलं. ते जगभर बीपीचं औषध झालं. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवरही वापरून पाहिलं.

खरी गंमत इथून पुढे आहे. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले, अशा तक्रारी आल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. रिसर्पिन दिलं की मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, असं त्यांना दिसलं.

हे कसं होतं? आपल्या जालन्याचा मोसंबी बाजार डोळ्यांसमोर आणा. मेंदूतली एक पेशी माल क्रेटमध्ये भरून ठेवते आणि वेळ आली की शेजारच्या पेशीकडे पाठवते. तो माल म्हणजे सेरोटोनिन. रिसर्पिन क्रेट भरूच देत नाही. मग उघड्यावरचा माल पेशीतलं एक एन्झाइम संपवून टाकतं. पहिली अँटिडिप्रेसंट नेमकी याच्या उलट चालतात. आयप्रोनियाझिड मुळात टीबीचं औषध. ते त्या एन्झाइमलाच अडवतं. पुढे आलेलं फ्लुओक्सेटिन वेगळं काम करतं. पाठवलेला माल पेशी परत ओढून घेते, ते हे औषध थांबवतं. त्यामुळे माल बाजारात जास्त वेळ राहतो.

आणि लिथियम? योगायोग बघा, १९४९ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांवर त्याचा उपयोग दाखवला. लिथियम मुख्यतः पेशीच्या आत, निरोप पोहोचल्यानंतरच्या यंत्रणेवर काम करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते सेरोटोनिनचा निरोपही बळकट करताना दिसलं. म्हणूनच नुसत्या अँटिडिप्रेसंटने भागलं नाही, तर डॉक्टर कधीकधी जोडीला लिथियम देतात.

१९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. त्याच वर्षी तो क्लाइन यांनाही मिळाला. म्हणजे एकाच झाडाने हृदय आणि मन, दोन्हींच्या डॉक्टरांना एका यादीत बसवलं. १९५८ मध्ये वकिलांना पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये ते गेले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन, इतकं सोपं गणित आज शास्त्रज्ञ मानत नाहीत. रिसर्पिनमुळे खरंच किती लोक उदास झाले, यावरही नंतर वाद झाला. गोळीने सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, पण मन सावरायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात. कारण पेशींना नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनाने बंद करू नका. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवायचीच नाही. आणि सर्पगंधा आपलीच वनस्पती आहे म्हणून काढा करून पिऊ नका.

बीपीची गोळी खिशात ठेवायला आपल्या घरात कुणी लाजत नाही. मनाची गोळी मात्र उशीखाली लपते. हॉस्टेलवरच्या तुमच्या मित्राचं असंच काही चाललं असेल, तर त्याला वेडा ठरवू नका. त्याच्यासोबत जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन लावा. रक्तदाब मोजता मोजता वकिलांनी जे दार किलकिलं केलं, त्यातून आत जायला तुमच्या मित्राला कदाचित फक्त सोबत हवी असेल.