मल्लवीर कै. खाशाबा जाधव

कुस्ती ही विद्या महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवच्या जत्रेंत तिसऱ्या प्रहरीं हलगी वाजूं लागली म्हणजे आबालवृद्धांचीं पाउलें आपोआप मैदानाकडे वळतात, आणि विजयी मल्लाच्या डोक्यावर फेटा चढतांना पाहून कोणाही मुलाच्या बाहूंना स्फुरण चढतें. परंतु जत्रेंतील फड निराळा आणि जगांतील अनेक राष्ट्रांचे खेळाडू जेथें एकत्र जमतात तो फड निराळा. पहिल्या फडांतून दुसऱ्या फडापर्यंत केवळ दंडाच्या बळावर जातां येत नाहीं. त्यासाठीं पूर्वतयारी, पैसा, पाठीशीं उभीं राहणारीं माणसें आणि चिकाटी ह्या चारही गोष्टी लागतात. ह्या चारही गोष्टींची जुळवाजुळव करतां करतां ज्यांच्या सत्त्वाची परीक्षा झाली, अशा एका महाराष्ट्रीय मल्लाचें चरित्र आमच्या वाचकांपुढें, विशेषतः शाळेच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या विद्यार्थीमित्रांपुढें, ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते मल्ल म्हणजे कै. खाशाबा दादासाहेब जाधव.

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाड शहराजवळ गोळेश्वर नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबांचा जन्म झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्यामुळें तालमीची गोडी त्यांना घरांतच लागली. पुढें कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत त्यांचें शिक्षण झालें. विद्यार्थिदशेंतच १९४२ ची चळवळ पेटली. त्या वेळीं भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणें, त्यांचीं पत्रें गुप्तपणें पोंचविणें अशीं कामें ह्या तरुणानें केलीं. अंगीं बळ असलें म्हणजे तें कोणाच्या कामीं लावावें, हें त्यांना त्या कोवळ्या वयांतही कळत होतें.

हायस्कुलाचा अभ्यास आटोपल्यावर खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत दाखल झाले. कोल्हापूर हें मल्लविद्येचें माहेरघर. राजर्षि शाहू छत्रपतींनीं कुस्तीला जो उदार आश्रय दिला, त्याची साक्ष १९१२ सालीं बांधून झालेलें खासबाग मैदान आजही देत आहे. ज्या शहरांत पेठेपेठेंतून तालमी आहेत आणि पहांटेच्या अंधारांत जोरबैठकांचे हुंकार ऐकूं येतात, त्या शहरांत ह्या ठेंगण्या, चपळ विद्यार्थ्याला योग्य भूमि मिळाली. बाबुराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें. प्रतिपक्ष्याची मान काखेंत जखडून त्याला झपाट्यानें खालीं फेकणारा ढाक हा डाव खाशाबांच्या हातीं विशेष बसला होता. देहयष्टीनें ते मोठे नव्हते. परंतु थोराड मल्लाला आपल्या वजनाचा भार सांवरतां सांवरतां जो क्षण लागे, तेवढ्यांत ह्यांचा डाव पुरा झालेला असे.

१९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलल्यामुळें खाशाबांना तेथें जातां आलें. तेथें त्यांना रीस गार्डनर ह्या परदेशी शिक्षकाचें शिक्षण मिळालें. ५२ किलो वजनाच्या गटांत त्यांनीं ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांना हरविलें. परंतु इराणच्या मन्सूर रईसीपुढें त्यांना हार खावी लागली, आणि अखेर त्यांचा क्रमांक सहावा आला. परक्या भूमीवर, प्रथमच आलेल्या बावीस वर्षांच्या तरुणानें मिळविलेलें हें यश कांहीं थोडें नव्हतें. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर समाधान मानून सत्कारांचे हार गळ्यांत घालीत फिरला असता. खाशाबांनीं मात्र लंडनहून परततांना आपल्या उणिवांचा हिशेब बरोबर आणला.

ह्या उणिवा कोणत्या, हें वाचकांनीं समजून घेणें अवश्य आहे. आमच्याकडील कुस्ती मातीच्या हौदांत होते. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या मातींत पाय रुततो, पकड बसते, आणि एक जण चीत होईपर्यंत झुंज चालूं शकते. ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर होते. तेथें पायाखालीं निराळाच पृष्ठभाग असतो आणि घड्याळाचा कांटा सारखा पुढें सरकत असतो. त्या काळीं एका कुस्तीला १५ मिनिटांची मर्यादा होती. तेवढ्या वेळांत कोणी चीत न झाल्यास पंच निकाल देत. शिवाय गुणांची पद्धति उलटी होती. चीत करून जिंकणाऱ्याच्या नांवावर दोष चढत नसे. पंचांच्या निकालानें जिंकणाऱ्याच्या नांवावरही एक दोष चढे. हरणाऱ्याच्या नांवावर त्याहून अधिक. असे पांच दोष जमले कीं मल्ल स्पर्धेंतून बाद. अर्थात् नुसतें जिंकणें पुरेसें नव्हतें. लौकर आणि निर्विवाद जिंकणें हेंच शहाणपण होतें. ज्याला दोन दिवसांत चारपांच कुस्त्या लागोपाठ कराव्या लागतात, त्यानें प्रत्येक कुस्तींत किती दम खर्चावा व किती राखून ठेवावा, हेंही शिकावें लागतें.

पुढील चार वर्षें खाशाबांनीं ह्या विद्येच्या साधनेंत घालविलीं. त्यांनीं मेहनत वाढविली, वजन वाढविलें, आणि ५२ किलोंच्या गटांतून ५७ किलोंच्या गटांत उतरण्याची सिद्धता केली. परंतु शरीर तयार झालें तरी वाट मोकळी नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं मद्रास येथें झालेल्या निवडीच्या वेळीं केवळ एका गुणानें त्यांना मागें टाकण्यांत आलें. आपणांवर अन्याय झाला अशी त्यांची खात्री होती. अशा प्रसंगीं कोणी हातपाय गाळून बसतो, तर कोणी शिव्याशाप देत फिरतो. खाशाबांनीं ह्या दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं मल्लविद्येचे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हां कुस्ती लावण्यांत आली आणि खाशाबांनीं प्रतिपक्ष्याला चीत करून वाद कायमचा मिटविला. मल्लाचें म्हणणें मल्लाच्या भाषेंत मांडलें गेलें.

आतां प्रश्न उरला पैशाचा. मागील खेपेस संस्थानिकांचा आश्रय होता. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि लंडनप्रमाणें एकाच हातानें सर्व खर्च उचलला जाईल ही आशा राहिली नाहीं. ज्या मल्लाला ह्या शेवटल्या दिवसांत केवळ आपल्या दमाची व डावांची चिंता असावी, तो दारोदार हिंडूं लागला. सरकारकडे खेटे घातल्यावर बऱ्याच खटपटीनें ४,००० रुपये मिळाले. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं आपापल्या परीनें वर्गणी जमविली. ज्यांच्या घरीं पुढील सुगीपर्यंतचें धान्य मोजून ठेविलेलें असे, त्यांनींही हात आखडता घेतला नाहीं. तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थीमित्रहो, क्षणभर थांबून ह्या गोष्टीचा विचार करा. शिष्य जिंकून येईल कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नव्हतें. कुस्तीचा फड कोठें दूर उत्तरेस, आणि गहाण पडलें तें कोल्हापुरांतील घर! गुरूनें शिष्यावर ठेवलेल्या विश्वासाचें ह्याहून मोठें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

हेलसिंकी हें फिनलंडचें राजधानीचें शहर. तेथें १९ जुलै १९५२ रोजीं सामन्यांस प्रारंभ झाला. ६९ राष्ट्रांतून जवळजवळ ५,००० खेळाडू जमले होते. मुक्त पद्धतीच्या कुस्त्या मेसुहल्ली नांवाच्या प्रदर्शनगृहांत २० ते २३ जुलैपर्यंत चालल्या. आठ वजनगटांचे मल्ल, त्यांचे शिक्षक, पंच, दुभाषे आणि हजारों प्रेक्षक यांची ती दाटी! एक कुस्ती संपते न संपते तोंच दुसरीचा पुकारा होई, आणि तोही परक्या भाषेंत. आपली पाळी केव्हां, गादी कोणती, प्रतिपक्षी कोण, ह्याची चौकशी करण्यासाठीं मोठमोठ्या राष्ट्रांच्या मल्लांबरोबर जाणते लोक होते. आमच्या मल्लाची ती बाजू लंगडी होती.

तरीही खाशाबांनीं सुरुवात झोकांत केली. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला त्यांनीं मुदत संपावयास अर्धें मिनिट उरलें असतां चीत केलें. मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत करावयास त्यांना साडेपांच मिनिटेंही लागलीं नाहींत. जर्मनीच्या श्मिट्झवर त्यांनीं पंचांच्या निकालानें विजय मिळविला. मग गांठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं. पंधरा मिनिटें अटीतटीची झुंज झाली, आणि पंचांचा कौल इशींकडे गेला. खाशाबा घामाघूम होऊन गादीवरून उतरतात तोंच रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशीं लढण्याचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्यें निदान अर्धा तास विश्रांति मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढें मांडावयास त्या घटकेस भारताचा एकही अधिकारी तेथें हजर नव्हता. थकलेल्या अंगानें खाशाबा पुन्हां उभे राहिले, आणि हरले. इशींना सुवर्णपदक मिळालें, मामेदबेकोव्हला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांच्या गळ्यांत कांस्यपदक पडलें. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्यें मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक पदक होय. त्यानंतर असें दुसरें पदक मिळावयास तब्बल ४४ वर्षें लोटावीं लागलीं. तें १९९६ सालीं अटलांटा येथें टेनिसपटु लिएंडर पेस यांनीं मिळविलें.

खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांना घेण्यास आल्या होत्या. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंतची ती थोडकी वाट. पण ढोलताशांच्या गजरांत ती पुरी होण्यास कित्येक तास लागले. ज्यांनीं वर्गणी दिली होती, त्यांना आपला आणा-रुपया जणूं सोन्याचा होऊन परत आल्यासारखें वाटलें. पण खाशाबा सत्कारांत रमले नाहींत. गुरूचें घर गहाण आहे ह्याचा त्यांना विसर पडला नव्हता. त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून प्रथम प्राचार्यांचें घर सोडविलें. आमच्या मतें खाशाबांची सर्वांत मोठी कुस्ती हेलसिंकीस झाली नाहीं. ती ह्या ऋणाशीं झाली, आणि तींत मात्र ते निर्विवाद जिंकले.

पुढील आयुष्य कष्टांचेंच गेलें. १९५५ सालीं ते मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची आशा मावळली. २७ वर्षें इमानें नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त ह्या पदावरून ते निवृत्त झाले; परंतु पेन्शनसाठींही त्यांना झगडावें लागलें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. मान मिळाला तो मृत्यूनंतर: २००० सालीं अर्जुन पुरस्कार, आणि २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळीं दिल्लीच्या कुस्तीगृहाला त्यांचें नांव.

असो. ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? ज्यांना मैदान मारावयाचें आहे, त्यांनीं खाशाबांप्रमाणें हारींतून हिशेब शिकावा आणि अन्यायाला सरावानें उत्तर द्यावें. पण आपणांपैकीं सर्वच कांहीं मल्ल होणार नाहींत. जे होणार नाहींत, त्यांच्यासाठींही येथें काम ठेवलेलें आहे. घर गहाण टाकणारे प्राचार्य आणि चार आणे वर्गणी देणारा शेतकरी हेही त्या पदकाचे वांटेकरी होत. आणि हेलसिंकीच्या त्या गर्दींत अर्ध्या तासाच्या विश्रांतीसाठीं एक शब्द बोलणारा कोणी असता, तर कदाचित् पदकाचा रंग निराळा झाला असता. आमच्या शाळेचा एखादा खेळाडू उद्यां मोठ्या फडांत उतरेल, तेव्हां त्याच्या गादीच्या कडेला ती जागा रिकामी राहूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.