पाखरांकडून पानांकडे : ॲलन ह्यूम यांचा उत्तरकाळ

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत भरले, हे शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. अधिवेशन खरे तर पुण्यात व्हायचे होते. पण तेथे पटकीची साथ आल्याने ऐनवेळी ते मुंबईला हलवावे लागले. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमलेल्या ७२ प्रतिनिधींना एकत्र आणण्यामागे ज्यांची खटपट होती, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्याआधी तीन वर्षे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. इतिहासाची पुस्तके त्यांची ओळख येथे सुरू करतात आणि बहुधा येथेच संपवतात. मात्र त्यांच्या आयुष्याची दुसरी एक बाजू होती. ती घरातली होती, छंदाची होती आणि तिच्यातील सुखदुःखे राजकारणाइतकीच खोल होती.

ह्यूम यांचा जन्म १८२९चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील नावाजलेले जहाल सुधारक. १८४९मध्ये मुलगा हिंदुस्थानात आला आणि बंगाल सनदी सेवेत रुजू होऊन उत्तरेकडील इटावा जिल्ह्यात काम करू लागला. तेथे त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. नोकरीच्या बरोबरीने त्यांना पक्ष्यांचे वेड लागले. पक्षी टिपायचे, त्यांची कातडी पेंढा भरून जतन करायची, घरटी आणि अंडी गोळा करायची, प्रत्येकाची नोंद ठेवायची, असा तो उद्योग. १८५७च्या उठावात त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

पुढे शिमल्याला जाखू टेकडीवर त्यांनी रॉथनी कॅसल हे घर घेतले आणि त्यात पक्ष्यांचे संग्रहालय उभारले. १८७२मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. देशभर विखुरलेले अधिकारी, डॉक्टर, मळेवाले त्यांना नोंदी आणि नमुने धाडू लागले. १८८१च्या मणिपूर स्वारीत सापडलेल्या एका सुंदर फेझंट पक्ष्याला त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले. आज तो पक्षी मणिपूर आणि मिझोरम या दोन्ही राज्यांचा राज्यपक्षी आहे.

नोकरीत मात्र त्यांचे सरकारशी पटले नाही. महसूल, शेती आणि व्यापार खात्याच्या सचिवपदावरून १८७९मध्ये त्यांना दूर करण्यात आले. १८८२मध्ये ते निवृत्त झाले. आता वेळ मोकळा होता, घर मोठे होते, टिपणांचे ढीग तयार होते. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहावा आणि अनेक वर्षांच्या श्रमांचे सार्थक करावे, ही त्यांची मनीषा होती.

ती पुरी व्हायची नव्हती. एका हिवाळ्यात ते शिमल्याबाहेर असताना नोकराने घरातील हस्तलिखिते चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकली. ज्या कागदांवर आयुष्यभराची निरीक्षणे होती, ते दुकानांतून पुड्या बांधण्याच्या कामी आले असावेत. नमुने पुन्हा गोळा करता येतात. पंचवीस-तीस वर्षांच्या निरीक्षणांची टिपणे पुन्हा लिहिता येत नाहीत. शिवाय मधल्या काळात थिऑसफीच्या प्रभावाने ह्यूम शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारणेही त्यांनी सोडले होते. १८८५मध्ये त्यांनी आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी, घरटी, अंडी मिळून तो सुमारे ८२ हजार नमुन्यांचा होता. तो नेण्यासाठी म्युझियमचे पक्षितज्ज्ञ बाउडलर शार्प स्वतः शिमल्याला आले. लाकडी पेट्यांत भरलेला तो ठेवा डोंगर उतरून खाली गेला आणि रॉथनी कॅसलमधील कपाटे रिकामी झाली. घरट्यांविषयीची उरलीसुरली टिपणे त्यांनी यूजीन ओट्स यांच्या हवाली केली. त्यांतून जुन्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईचे अधिवेशन झाले. एका कामातून सुटलेली सारी शक्ती दुसऱ्या कामात ओतली गेली, असे या योगायोगावरून वाटते. पुढची अनेक वर्षे ते काँग्रेसचे सरचिटणीस होते. १८९०मध्ये पत्नीचे निधन झाले. १८९४मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

लंडनच्या दक्षिणेकडील अपर नॉरवुड या उपनगरात त्यांनी बिऱ्हाड केले. वय पासष्टीचे. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर विल्यम वेडरबर्न आदी मित्रांबरोबर काम चालूच होते. डलिच भागातील उदारमतवादी पक्षाच्या शाखेतही ते होते. मात्र घरातील वेळ कशाने भरायचा, हा प्रश्न पेन्शनीत निघालेल्या प्रत्येकासारखा त्यांच्यापुढेही होता. शिमल्यात असतानाच त्यांना बागेचा नाद लागला होता. येथे त्या नादाने रस्ता बदलला. बागेतल्या लाडावलेल्या फुलांऐवजी त्यांचे लक्ष वाटेवरच्या, कुंपणालगतच्या, कोणी न लावलेल्या रानझाडांकडे गेले.

बाहेरून आलेल्या वनस्पतींचे त्यांना विशेष कुतूहल होते. परदेशी धान्याबरोबर, लोकरीबरोबर, जहाजांतील मालाबरोबर बिया येतात, कुठेतरी पडतात आणि रुजतात. त्यांतील काही एका हंगामात नाहीशी होतात, काही कायमची वस्तीला राहतात. आयुष्यातील ४० हून अधिक वर्षे परक्या भूमीत काढलेल्या माणसाला हा विषय जवळचा वाटावा, यात नवल नाही.

डब्ल्यू. एच. ग्रिफिन या वनस्पतींच्या जाणकाराची त्यांना साथ मिळाली. या छंदाला खर्च फारसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते. झाड मुळासकट, फुलासकट, शक्य तर फळासकट आणायचे. टिपकागदाच्या थरांत ठेवून वर वजन द्यायचे. ओल शोषली की कागद बदलायचे, पुन्हा दाबायचे. वाळलेला नमुना जाड कागदावर चिकटवून खाली नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. ही चिठ्ठी नसेल तर नमुना म्हणजे नुसता पालापाचोळा. नोंदीची किंमत काय असते, हे रद्दीत गेलेल्या हस्तलिखितांच्या मालकाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणूनच असेल, या वेळी त्यांनी संग्रह घरात ठेवला नाही. १९१०मध्ये त्यांनी नॉरवुड रोडवरील एक घर विकत घेतले, त्यात वनस्पतिसंग्रह आणि ग्रंथालयाची सोय केली आणि ‘साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. दक्षिण लंडनच्या सामान्य रहिवाशांना वनस्पतींचा अभ्यास करता यावा, हा तिचा हेतू होता. दिवसभर कामात जुंपलेल्या माणसाच्या मनाला या अभ्यासाने विसावा मिळतो, असा त्यांचा विश्वास होता. उद्घाटनाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. जाहिरातबाजीही त्यांना रुचत नव्हती. ग्रिफिन संस्थेचे पहिले संग्रहपाल झाले. संस्था पुढे चालावी म्हणून ह्यूम यांनी निधी ठेवला आणि मृत्युपत्रातही तिची तरतूद केली.

३१ जुलै १९१२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ह्यूम यांचे निधन झाले. बातमी पोहोचली तेव्हा इटाव्यातील बाजार बंद ठेवण्यात आला. त्यांनी तो जिल्हा सोडून तोवर चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

संग्रह दोनदा गेला, ग्रंथ राहून गेला, पद गेले, पत्नी गेली. तरीही सत्तरीच्या आसपासचा हा गृहस्थ कुंपणाकडेचे गवत उपटून घरी आणत होता आणि टिपकागदात दाबून ठेवत होता. नॉरवुड रोडवरचे ते घर, त्यातील वाळलेल्या पानांचे कागद, पुस्तके आणि मागची छोटी बाग आजही अभ्यासकांसाठी आणि शेजारपाजारच्या मुलाबाळांसाठी खुली आहे.