येट्सची शिकवणी

डब्ल्यू. बी. येट्सच्या कविता आपण परीक्षेसाठी घोकतो. पण हा आयरिश महाकवी सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

येट्सचा जन्म १३ जून १८६५ रोजी डब्लिनजवळ झाला. वडील चित्रकार. आयर्लंडच्या दंतकथा, पऱ्या, संधिप्रकाश यांनी भारलेल्या कवितेने त्याला तरुणपणीच कीर्ती दिली. पुढे लेडी ग्रेगरीच्या साथीने त्याने १९०४ साली ॲबी थिएटर उभारले.

१९१२ मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकासाठी दिलेल्या त्याच्या कवितांत एझ्रा पाउंड या वीस वर्षांनी लहान अमेरिकन कवीने न विचारताच शब्द बदलले! येट्स संतापला. (आपल्या वार्षिकांकाच्या संपादकांनी असे करून पाहावे!) परंतु राग ओसरताच त्याने पाउंडलाच आपल्या कवितांतील दोष दाखवायला सांगितले. १९१३ पासून तीन हिवाळे दोघे ससेक्समधील एका घरात राहिले. येट्सची दृष्टी अधू. पाउंड त्याला वाचून दाखवी. ‘पोएट्री’चे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यातील मोठा वाटा येट्सने पाउंडला देववला. त्याच्या कवितेतले धुके विरले, भाषा रोखठोक झाली.

१९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उतारवयात आपल्या बडनेऱ्याच्या पुरोहित स्वामींसमवेत त्याने दहा उपनिषदे इंग्रजीत आणली. ती १९३७ साली प्रसिद्ध झाली. २८ जानेवारी १९३९ रोजी फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले.